प्लास्टिकच्या पोटांतील ओढाताण

नवतपा चालू होता. रात्रीचे अकरा वाजले असतील. दिवसभर भट्टीसारखें तापलेलें घर नुकतें कोठें निवूं लागलें होतें. खिडकींतल्या कूलरची घरघर चालू होती आणि घरांतील मंडळी पाण्याचा तांब्या उशाशीं घेऊन आडवी झाली होती. इतक्यांत स्वयंपाकघरांतून, कोणी अडकित्त्यानें सुपारी फोडावी तसा, 'कट्' असा आवाज आला. दिवा लावून पाहिलें, कांहींच दिसेना. सकाळीं फ्रीज उघडला तेव्हां उलगडा झाला. आंतल्या पांढऱ्या भिंतीला, खालच्या कोपऱ्यांत, दोन बोटें लांबीची भेग पडली होती.

मग नेहमींप्रमाणें घरांत तीन पक्ष पडले. वडील बंधु म्हणाले, 'हा उन्हाळ्याचा प्रताप.' दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीनें, 'छे, हें थंडीनें फुटलें,' असा निर्वाळा दिला. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं फक्त त्या कोपऱ्यापाशीं ठेवलेल्या तुपाच्या भांड्याकडे आणि मग आम्हां सर्वांकडे पाहिलें. या वादाचा निकाल लावण्यासाठीं मीं जी चौकशी केली तिची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. निकाल शेवटीं देईन. कारण तो नीट समजण्यासाठीं प्रथम आपणांस प्लास्टिकच्या पोटांत, केसाच्या जाडीहूनही कित्येक पटींनीं लहान अशा एका जागीं, शिरावें लागणार आहे.

आपल्या नागपूरच्या हवेचा स्वभाव आपणांस मीं सांगावा असें नाहीं. २३ मे २०१३ रोजीं येथील पारा ४७.९ अंशांवर चढला होता, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजीं तोच ३.५ अंशांपर्यंत उतरला. मे २०२४ च्या अखेरीस एका स्वयंचलित यंत्रानें तर ५६ अंश दाखवून सर्व देशाला चकित केलें. पण तो आंकडा यंत्रांतील बिघाडाचा होता असें मागाहून हवामान खात्यानेंच सांगितलें. तो सोडून दिला तरी एकाच गांवांत चव्वेचाळीस अंशांचा फरक उरतो. माणसें अशा वेळीं दारें लावून घेतात, कांदा खिशांत ठेवतात, पन्हें पितात. घरांतल्या निर्जीव वस्तूंना मात्र जेथें असतील तेथेंच हा फरक सोसावा लागतो. त्या तो कशा सोसतात हा आजचा आपला विषय आहे.

ज्या प्लास्टिकची फ्रीजची आंतली भिंत बनवितात त्याचें मूळ नांव पॉलिस्टायरीन. निर्भेळ स्थितींत हें प्लास्टिक कांचेसारखें पारदर्शक असतें आणि कांचेसारखेंच ठिसूळही असतें. मिठाईवाल्याकडची पातळ पारदर्शक डबी बोटांनीं जरा वांकविली कीं चटकन् दुभंगते, ती बहुधा याचीच. दिसायला सुरेख, बनवायला सोपें, स्वस्त; पण पडलें कीं फुटलें! अशा पदार्थाचे दरवाजे, कपाटें, यंत्रांचीं कवचें कशीं करावींत? त्यावर रसायनशास्त्रज्ञांनीं जो तोडगा काढला तो ऐकायला अगदीं साधा आहे: त्यांत थोडें रबर मिसळावें.

ही कल्पना रशियांतून अमेरिकेंत गेलेल्या ऑस्त्रोमिस्लेन्स्की नांवाच्या शास्त्रज्ञानें १९२७ च्या सुमारास पेटंट करून ठेविली होती. ज्या द्रवापासून पॉलिस्टायरीन बनतें त्यांतच रबर विरघळवून मग त्याचें प्लास्टिक करावयाचें, अशी त्याची रीत. परंतु तें मिश्रण स्वस्थ ठेवून दिलें कीं रबराचें सर्वत्र जाळें बनून जाई, आणि मग तें कोणत्याही सांच्यांत घालतां येईना. मार्ग सांपडला तो पुढें वीस वर्षांनीं, आणि तो आपल्या घरांतील कोणत्याही गृहिणीला ठाऊक असलेला निघाला. तो म्हणजे घुसळणें. साय घुसळतांना प्रथम पाण्यांत स्निग्धाचे कण असतात. एका विशिष्ट क्षणीं सगळें उलटतें आणि लोण्यांत पाण्याचे थेंब अडकलेले राहतात. तसेंच येथें. मिश्रण ढवळत राहिलें म्हणजे प्रथम रबराच्या द्रावणांत प्लास्टिकचे थेंब तयार होतात, आणि मग एका टप्प्यावर बाजू उलटून प्लास्टिकच्या सागरांत रबराचे थेंब तरंगूं लागतात. १९४८ सालीं अमेरिकेंतील डाऊ कंपनीनें असें चिवट पॉलिस्टायरीन बाजारांत आणलें. त्याच वर्षीं तेथील दुसऱ्या एका कंपनींतील डेली नांवाच्या संशोधकाला याच्या एका चुलत भावंडाचें पेटंट मिळालें. तीन द्रव्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला आज सर्वजण ए.बी.एस. म्हणतात. प्रवासी बॅगा, दूरध्वनीचीं कवचें, दुचाकीस्वारांचीं हेल्मेटें हीं पुष्कळदां याचीं असतात. आपल्या देशांत पॉलिस्टायरीनचें उत्पादन १९५७ सालीं सुरू झालें. आज रायगड जिल्ह्यांत नागोठण्याजवळ त्याचा मोठा कारखाना आहे.

आतां या चिवट प्लास्टिकचा एक अतिशय पातळ काप घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तर काय दिसतें? पुष्कळांना वाटेल कीं खीर-साखरेप्रमाणें दोन्ही द्रव्यें एकजीव झालेलीं असतील. तसें मुळींच नसतें. रबर व प्लास्टिक एकमेकांत मिसळत नाहींत, हेंच येथलें खरें मर्म आहे. रबराचे गोलसर कण प्लास्टिकमध्यें वेगवेगळे विखुरलेले असतात. फ्रीजच्या प्लास्टिकांत एकेका कणाचा व्यास साधारण एक ते पांच मायक्रॉन असतो. मनुष्याचा केस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड धरला तर केसाच्या जाडीवर असे पंधरावीस कण सहज ओळीनें बसतील. आणि कणाच्या पोटांत पाहावें तर आपल्या संत्र्याचीच आठवण होते. संत्र्यांत जसे पापुद्र्यांनीं वेगळे केलेले रसाचे कप्पे असतात, तसे या कणांत रबराच्या पातळ पडद्यांमध्यें प्लास्टिकचे बारीक बारीक कप्पे कोंडलेले असतात. घुसळतांना आंत राहून गेलेले ते थेंब! यामुळें शेंकडा सातआठ भाग रबर घालूनही त्याच्या तिप्पट-चौपट जागा व्यापणारे कण तयार होतात. शिवाय एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची: कणाच्या पृष्ठभागावर रबराचे रेणु आणि प्लास्टिकचे रेणु एकमेकांना रासायनिक बंधानें कलम केल्याप्रमाणें जोडलेले असतात. कण प्लास्टिकला नुसता टेकलेला नसतो. तो त्याला घट्ट चिकटलेला असतो.

येथें उष्णतेचा प्रवेश होतो. त्यासाठीं आपण क्षणभर खेड्यांतल्या लोहाराच्या पुढ्यांत जाऊं. बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धाव चढवितांना ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना आठवेल कीं धाव चाकापेक्षां किंचित लहान केलेली असते. गोवऱ्यांच्या आगींत ती लाल होईपर्यंत तापवितात, म्हणजे ती प्रसरण पावून मोठी होते; मग ती चिमट्यांनीं उचलून चाकावर बसवितात आणि वर पाणी ओततात. धाव आक्रसते, चाक करकचतें, आणि पुढें वर्षानुवर्षें खडकाळ वाटेवर चाकाचे आरे निखळत नाहींत. त्या चाकाला कोणी हात लावीत नसतांनाही त्याच्या अंगांत एक कायमचा ताण वसत असतो. निवतांना दोन जोडलेल्या वस्तू सारख्या प्रमाणांत आक्रसल्या नाहींत तर जो ताण उत्पन्न होतो, तोच हा औष्णिक ताण.

आपल्या कणाची गोष्ट हीच आहे. फक्त ती उलटी आहे. येथें बाहेरचें कडें कमी आक्रसतें आणि आंतला गोळा जास्त आक्रसूं पाहतो. एक मीटर लांबीची पॉलिस्टायरीनची पट्टी एक अंशानें निवली तर ती मिलिमीटरच्या सुमारें सात शतांशांनीं आंखूड होते. तेवढीच रबराची पट्टी त्याच्या तिप्पट आंखूड होते. कारखान्यांत हें प्लास्टिक दोनशें अंशांच्या वर वितळवून सांच्यांत घालतात. तें शंभर अंशांच्या वर असेपर्यंत मऊ असतें आणि कण जसा आक्रसेल तसें त्याच्या मागोमाग सरकतें. तोंपर्यंत भांडण नाहीं. परंतु शंभर अंशांच्या खालीं प्लास्टिक कडक झालें कीं कणाच्या भोंवती जणूं दगडी कोठी बांधली जाते. नव्वद अंशांपासून वीस अंशांपर्यंत निवतांना प्लास्टिकचें घनफळ शेंकडा सुमारें दीडनें कमी होतें. रबराला मात्र शेंकडा साडेचारनें कमी व्हावयाचें असतें. हा जो शेंकडा तीनचा फरक राहिला तो कोठें जाणार? कण कोठीच्या भिंतींना चिकटलेला आहे. त्याला सुटतां येत नाहीं. म्हणून तो सर्व बाजूंनीं बाहेरच्या बाजूस ओढला जातो.

नारळाचें उदाहरण घेतलें तर हें अधिक स्पष्ट होईल. ओला नारळ सुकूं लागला कीं आंतलें खोबरें आक्रसतें. करवंटीपासून तें सुटलें तर नारळ हालविल्यावर गोटा आंत खुळखुळतो. त्याला कसलाही ताण उरत नाहीं. पण समजा, खोबरें करवंटीला सर्व बाजूंनीं सरसानें चिकटवून टाकलें असतें तर? तर तें सुकतांना आक्रसूं पाहणार, करवंटी सोडणार नाहीं, आणि खोबऱ्याच्या कणाकणांत ओढ बसणार. उन्हाळ्यांत आपली काळी जमीन भेगाळते ती तरी कशानें? वरची माती सुकून आक्रसूं पाहते, खालची तिला धरून ठेवते, आणि शेवटीं मातीच फाटते.

ही ओढ किती असेल? निर्भेळ रबराचा एकटा गोल कण धरून हिशेब केला तर ती अडीचशें ते तीनशें वातावरणांच्या दाबाइतकी भरते. मोटारीच्या चाकांत आपण जी हवा भरतों तिचा जादा दाब अवघा दोन वातावरणांच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. प्रत्यक्षांत कणाच्या पोटांत प्लास्टिकचे कप्पे असतात, शेजारीं दुसरे कण असतात, आणि प्लास्टिकही काळांतरानें थोडें सैलावतें. म्हणून खरा आंकडा यापेक्षां कमी असतो. तरीही ती ओढ क्षुल्लक म्हणतां येत नाहीं. येथें कोणी शंका घेईल कीं रबर तर वाटेल तितकें ताणतां येतें, मग तीन टक्क्यांची काय कथा? परंतु रबराची पट्टी आपण ओढतों तेव्हां ती जितकी लांबते तितकी बारीकही होते. तिचें घनफळ जवळजवळ तेंच राहतें. सर्व बाजूंनीं एकदम ओढून रबराचें घनफळच वाढवावयाचें म्हटलें तर तें पाण्यासारखें हट्टी बनतें. आपला कण नेमका या पेंचांत सांपडलेला असतो.

श्रोतेहो, इतकें ऐकल्यावर आपण साहजिकच म्हणाल कीं हा तर दोष झाला. ज्या वस्तूच्या पोटांत कोट्यवधि कण असे ताणून बसविलेले आहेत ती लवकर फुटावयास हवी. पण अनुभव याच्या उलट आहे. कण घातल्यानेंच तें प्लास्टिक कित्येक पटींनीं चिवट बनतें. हें कोडें उलगडण्यास शास्त्रज्ञांना बरींच वर्षें लागलीं. १९५६ सालीं मर्झ व त्याच्या सहकाऱ्यांनीं असें सुचविलें कीं भेग पडली म्हणजे रबराचे कण तिच्या दोन्ही कांठांना धरून ठेवतात, दोरीनें बांधल्यासारखे. कल्पना सुटसुटीत होती; पण हिशेब करतां असें दिसलें कीं एवढ्याशा रबराच्या ताणण्यांत आघाताची इतकी शक्ति खर्च होणें शक्य नाहीं. १९६५ सालीं इंग्लंडमध्यें बकनॉल आणि स्मिथ यांनीं सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें खरा प्रकार दाखविला. आघात होतांच प्रत्येक कणाच्या कडेपासून प्लास्टिकमध्यें अतिसूक्ष्म भेगा निघतात. परंतु त्या रिकाम्या भेगा नसतात. त्यांच्या दोन कांठांमध्यें प्लास्टिकचेच तलम धागे ताणलेले असतात, निम्मी जागा धाग्यांची व निम्मी पोकळीची. अशी एक भेग विणण्यास पुष्कळ शक्ति लागते, आणि येथें तर अशा लक्षावधि भेगा एकदम विणल्या जातात. एका भेगेनें वस्तू दुभंगण्याऐवजीं आघाताची शक्ति लक्षावधि ठिकाणीं वांटली जाऊन जिरून जाते. प्लास्टिकची बॅग आपटली कीं त्या जागीं जो पांढुरका डाग उमटतो तो या वांटणीचाच पुरावा होय. त्या सूक्ष्म पोकळ्या प्रकाश विखुरतात म्हणून तेथें पांढरें दिसतें.

या कामांत औष्णिक ताणाचा वांटा दुहेरी आहे. पहिला असा: कण आधींच ताणलेला असल्यामुळें बाहेरून आघात होतांच तो आपलें कर्तव्य लवकर करूं लागतो. बाहेरची ओढ आंतल्या ओढीला येऊन मिळते, कणाच्या पोटांत एखादी सूक्ष्म पोकळी फुटते, आणि आजूबाजूच्या प्लास्टिकला सरकण्यास, धागे विणण्यास मोकळीक मिळते. कमानीला दोरी चढवून ठेविलेला धनुर्धारी आणि दोरी शोधीत बसलेला धनुर्धारी यांत जो फरक, तोच हा. अर्थात् कण फारच लहान असेल तर त्याच्यांत पोकळी फुटणें अवघड होतें, कारण पोकळीचा नवा पृष्ठभाग उत्पन्न करण्याइतकी शक्ति त्याच्या सांठ्यांत नसते. म्हणून प्रत्येक प्लास्टिकला कणांचें माप जपून ठरवावें लागतें.

दुसरा वांटा थंडीशीं संबंधित आहे. कोणतेंही रबर पुरेसें थंड केलें म्हणजे एका तपमानाला तें कांचेसारखें कडक होतें. त्याला आपण काठिण्यबिंदु म्हणूं. रबर तेथें पोंचलें कीं त्याचा चिवटपणाला कांहींच उपयोग राहत नाहीं. या प्लास्टिकांत वापरतात त्या रबराचा काठिण्यबिंदु शून्याखालीं ऐंशी अंश किंवा त्याहूनही खालीं असतो. आतां गंमत अशी कीं चारी बाजूंनीं ओढलेल्या रबराच्या रेणूंना हालचालीस जरा अधिक जागा मिळते, त्यामुळें तें आणखी कांहीं अंश खालीं जाईपर्यंत मऊच राहतें. सुट्या रबराचा काठिण्यबिंदु आणि प्लास्टिकांत कोंडलेल्या त्याच रबराचा काठिण्यबिंदु मोजून पाहिले तर हा फरक दिसून येतो. म्हणजे ज्या थंडीनें कणाची ओढाताण वाढविली तीच ओढाताण त्याला थंडीशीं झुंजण्यास थोडें बळ देते!

हा ताण खरोखर असतो हें डोळ्यांनीं न पाहतां कसें ओळखावें? इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथें बकनॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं यासाठीं एक चतुर कसोटी प्रसिद्ध केली. त्यांनीं वस्तू थंड करीत जाऊन ती किती आक्रसते एवढेंच काळजीपूर्वक मोजलें. कण शाबूत असेल तर तो आक्रसतांना भोंवतालच्या प्लास्टिकलाही आंत ओढतो, म्हणून सबंध वस्तू जास्त आक्रसते. कणांत पोकळी पडलेली असेल तर आक्रसण्याची हौस तो पोकळी मोठी करून भागवितो आणि प्लास्टिकला ओढीत नाहीं. वस्तू कमी आक्रसते. वैद्यानें नाडीवरून पोटांतलें ओळखावें तसें, बाहेरच्या मापावरून आंतला रोग ओळखण्याची ही रीत आहे.

इतका वेळ आपण निवण्याचा विचार केला. तापण्याचें काय? तपमान चढूं लागलें कीं ओढ सैल पडत जाते, आणि शंभर अंशांच्या जवळ ती नाहींशीच होते. म्हणून एखाद्याला वाटेल कीं ऊन या प्लास्टिकला हितकरच आहे. भरदुपारीं उन्हांत बंद करून ठेविलेल्या मोटारीच्या आंतला पुढचा भाग सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापूं शकतो. संध्याकाळीं तो पुन्हा निवतो. एवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु तापणें-निवणें रोजच्या रोज, वर्षानुवर्षें चाललें कीं कण आणि प्लास्टिक यांच्या सांध्यावर पुनः पुन्हां कमीअधिक भार पडत राहतो. तार वारंवार वांकविली कीं तुटते, तसा तो सांधा थकतो.

याहूनही मोठा शत्रु वेगळाच आहे. या कणांतील रबराच्या रेणूंत कांहीं बंध असे असतात कीं त्यांवर हवेंतील प्राणवायु सहज झडप घालतो. उष्णता आणि सूर्याचे जंबुपार किरण त्याला साहाय्य करतात. हळूहळू रबराचे रेणु एकमेकांत गुंततात, कण कडक होतो आणि त्याची लवचिकता जाते. मग ओढाताण असते, पण तिचा उपयोग करणारा मऊ गडी राहत नाहीं. जुन्या वस्तूवर येणारा पिंवळेपणा ही या बदलाची पहिली खूण. पृष्ठभागावरचा असा पापुद्रा केसाहून पातळ असला तरी पुरतो. कारण तेथें सुरू झालेली भेग आंतल्या चांगल्या भागांतही वेगानें घुसते. म्हणूनच उघड्यावर वापरावयाच्या वस्तूंसाठीं अशा बंधांविरहित निराळीं रबरें वापरतात. मोटारींच्या पुढच्यामागच्या प्लास्टिकच्या धक्कापट्ट्यांत तीं असतात.

आतां आमच्या फ्रीजकडे वळूं. जी गोष्ट कणाची, तीच मोठ्या प्रमाणावर त्या भिंतीची होती. बाहेरचें कवच पोलादी, आंतली भिंत प्लास्टिकची, आणि मधें दोहोंना चिकटलेला फेसाचा थर. पंचेचाळीस अंशांवरून पांच अंशांपर्यंत निवतांना मीटरभर उंचीच्या प्लास्टिकच्या भिंतीला सुमारें तीन मिलिमीटर आंखूड व्हावेंसें वाटतें. बाहेरचें पोलाद उन्हाळ्यांतच उभें असतें. तें आक्रसत नाहीं, आणि आंखूड होतें तेव्हांही प्लास्टिकच्या एकषष्ठांशच. भिंत चिकटलेली, म्हणून ताणलेली. आणि ताण नेहमीं कोपऱ्यांत गोळा होतो. त्या दिवशीं दोनतीन वेळां वीज गेली होती, म्हणजे भिंत दोनतीन वेळां तापून पुन्हा निवाली होती. तेव्हां बंधूंचा उन्हाळा आणि मिस्त्रीची थंडी, दोन्ही खरीं. कारण ताण उन्हाळ्यानेंही येत नाहीं कीं थंडीनेंही येत नाहीं, तो दोहोंमधल्या अंतरानें येतो.

पण मग शेजारच्या घरचा तसाच फ्रीज कां फुटला नाहीं? याचें उत्तर मातोश्रींच्या नजरेंत होतें. ताणलेल्या पॉलिस्टायरीनवर तूप, लोणी, तेल यांचा चिकट हात फिरला कीं स्निग्ध द्रव्य त्या सूक्ष्म, धागेदार भेगांत शिरतें आणि धाग्यांना मऊ करून तोडतें. निर्धास्त भिंतीवर तेंच तूप वर्षानुवर्षें राहिलें तर एवढा घात होत नाहीं. आणि तूप नसतां तेवढाच ताण भिंत कदाचित् सोसून नेती. दोघे मिळाले म्हणजे मात्र भेग पडते. उत्पादकांना हें ठाऊक असल्यामुळें ते या कामासाठीं मुद्दाम मोठ्या कणांचें, अधिक रबराचें प्लास्टिक वापरतात. तरी त्या सहनशक्तीला मर्यादा आहे. घरांतल्या तीन पक्षांपैकीं जो पक्ष कांहींच बोलला नाहीं त्याचें म्हणणें सर्वांत अधिक खरें ठरलें, हें मला कबूल केलें पाहिजे.

फ्रीजची भेग चिकटपट्टीनें झांकतां येते. म्हणून शेवटीं जी गोष्ट झांकतां येत नाहीं तिच्याविषयीं दोन शब्द सांगून मी आपली रजा घेतों. आपल्या शहरांत घरोघरीं दुचाकी आहे आणि तिच्याबरोबर हेल्मेट आहे. त्याचें बाहेरचें कवच पुष्कळदां याच रबर-मिश्रित प्लास्टिकचें असतें, आणि आंतला पांढरा थर्मोकोल तर पॉलिस्टायरीनचाच फेस. भारतीय मानक ४१५१ प्रमाणें हेल्मेट उष्णतेंत आणि थंडींत ठेवून मगच त्याच्यावर आघाताची परीक्षा करतात. पण ती परीक्षा नव्या हेल्मेटची असते. तेंच हेल्मेट आपण चार उन्हाळे गाडीच्या आरशाला अडकवून कचेरीबाहेरच्या उन्हांत ठेवलें, तर त्याच्या कणांचें काय झालें असेल हें आतां आपण जाणतां. दिसायला तें तसेंच दिसेल. तें कसें आहे हें कळण्याचा क्षण एकच, आणि त्या क्षणीं कळून उपयोग नसतो. यासाठीं हेल्मेट सावलींत ठेवावें. तें पेट्रोलनें किंवा रंगाच्या थिनरनें पुसूं नये, नुसत्या साबणाच्या पाण्यानें पुसावें. एकदां जोराचा मार बसला असेल तर पुन्हां वापरूं नये. आणि साधारण पांच वर्षांनीं तें बदलावें असें जाणकार सांगतात तें दुकानदाराचें बोलणें म्हणून हंसण्यावारी नेऊं नये.

आपल्या शहरांत या शास्त्राचें शिक्षण देणारी एक जुनी संस्था आहे. कामठीचे दानशूर रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगींतून १९४२ सालीं स्थापन झालेली लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था ती हीच. आतां तिचें विद्यापीठांत रूपांतर झालें आहे, आणि तेल, रंग यांच्याप्रमाणेंच प्लास्टिकचेंही शिक्षण तेथें मिळतें. घरांत रसायनाकडे ओढा असलेलें मूल असेल तर त्याला अवश्य सांगावें कीं फ्रीजच्या कोपऱ्यांतली दोन बोटें लांबीची भेग हाही अभ्यासाचा विषय होऊं शकतो.

आमच्या घरीं त्या भेगेवर आतां एक पट्टी लावलेली आहे. तुपाचें भांडें वरच्या कप्प्यांत गेलें आहे, आणि त्याच्याखालीं मातोश्रींनीं एक वाटी ठेवली आहे. हेल्मेट बैठकींतल्या खुंटीवर टांगतों. तें जड वाटतें, केसांची घडी मोडतें, आणि नवतप्यांत तर डोक्याला नकोसें होतें. पण त्याच्या पोटांत अब्जावधि कण आपापली ओढ मुकाट्यानें सोशीत बसलेले आहेत, आणि ते केव्हां कामाला येतील याची आपणांस कल्पना नसते. त्यांना उन्हांतून सावलींत आणून ठेवणें एवढें तर आपल्या हातचें आहे.